एक गाडी, दोन सायकली आणि बारालाचा

नागपूरकराला घाट चढायचा असेल तर आधी गाडी काढावी लागते. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. सेमिनरी हिल्सचा चढ दम लागायच्या आत संपतो, रामटेकचा गड त्याहून थोडा बरा, आणि खराखुरा घाट हवा तर परतवाडा गाठून चिखलदऱ्याची वाट धरायची. मोटारशर्यतींचंही तेच. देशातले मोठे ट्रॅक तीन: ग्रेटर नोएडा, चेन्नईजवळचं इरुंगाट्टुकोट्टई आणि कोइम्बतूर. झिरो माइलपासून मोजलं तर तिन्ही हजार किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब. घरात एकाला शर्यतींचं वेड आणि दुसऱ्याला सायकलचं असलं, की एवढ्या लांबचे दोन दौरे काढण्यापेक्षा नोएडाची शर्यत आणि मनालीपुढच्या बारालाचा खिंडीचा चढ, दोन्ही एकातच उरकावं असं वाटणारच. बेत चांगला आहे. फक्त त्यातली खरी अडचण पैशाची नसते आणि पायातल्या ताकदीचीही नसते. माणसं दोन, सायकली दोन, गाडी एक. दोघंही सायकलवर बसली तर गाडी कोण चालवणार, हे नागपुरातच ठरलं पाहिजे. तिकडे मनालीत ठरवायला बसलात तर भांडण नक्की.

त्याआधी तारखा, कारण बहुतेक बेत तिथेच फसतात. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर फॉर्म्युला वन २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षं झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन वेटेल जिंकला. मग मोठी शर्यत आली ती थेट सप्टेंबर २०२३ मध्ये, मोटारसायकलींच्या मोटोजीपीची. २०२४ साली तीही झाली नाही. म्हणजे इथे दरवर्षी काही मोठं असेलच असं धरून चालता येत नाही, वेळापत्रक बघूनच रजा टाकावी. हिमालयाचं पंचांग मात्र ठरलेलं. मनाली-लेह रस्त्यावरची बारालाचा खिंड साधारण जूनपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत सायकलजोगी असते. जुलै-ऑगस्टमध्ये मंडी-कुल्लूच्या पट्ट्यात दरडी कोसळतात. त्यामुळे सप्टेंबरचा उत्तरार्ध सगळ्यात बरा: पाऊस आवरत आलेला, बर्फ अजून पडायचा, नाल्यांना पाणी कमी. त्याच सुमारास नोएडात शर्यत असेल तर योग जुळला म्हणायचं.

क्रम एकच: शर्यत आधी, डोंगर नंतर. शर्यत तिच्या तारखेला होते, कुणासाठी थांबत नाही. डोंगर आधी केला आणि परतताना मंडीजवळच्या पंडोहला दरडीमागे अडकलात, तर तिकिटं खिशातच राहतील. शिवाय उंचीवर शरीराला सवय लागायला निवांत दिवस लागतात, आणि पुढे तारीख टांगलेली असली की माणूस नेमके तेच दिवस कापतो.

नोएडात काहीच नसेल तर गाडी दक्षिणेला वळवावी. कोइम्बतूरजवळ चेट्टीपालयमला करी मोटर स्पीडवे आहे, २.१ किलोमीटरचा छोटा ट्रॅक. राष्ट्रीय शर्यती तिथे आणि चेन्नईच्या ३.७१७ किलोमीटरच्या ट्रॅकवर होतात. तिथून मेट्टुपालयम, कोटागिरी, उटी आणि २,६३७ मीटरचं दोड्डाबेट्टा. हिवाळ्यात करण्यासारखा, सुंदर आणि सोपा दौरा. निलगिरीत जाणाऱ्या गाडीला आता ई-पास लागतो, तेवढं बघावं. पण विरळ हवा काय चीज असते ते तिथे कळत नाही. म्हणून पुढचं सगळं उत्तरेचं.

सायकली न्यायच्या कशा यावर सायकलवाल्यांत दोन तट आहेत. टपावर कॅरिअर लावणारे आणि डिकीवर पट्ट्यांनी बांधणारे. आमचं मत तिसरंच: मागची सीट पाडा आणि सायकली आत घ्या. टपावर दोन सायकली म्हणजे इंधन जास्त, वाऱ्याचा आवाज जास्त, आणि हॉटेलच्या तळघरातल्या पार्किंगची कमान कुणाच्या लक्षात राहत नाही. डिकीवर बांधल्या तर नंबरप्लेट आणि दिवे झाकले जातात, पोलिसाला बोलायला कारण मिळतं. सायलेन्सरच्या तोंडासमोर मागचं चाक आलं तर हजार किलोमीटरच्या गरम धुराने टायर भाजून निघतो. बांधायच्याच असतील तर पट्टी ताणण्याआधी तिला एक पीळ द्यावा. सपाट पट्टी वाऱ्यात फडफडते, गुणगुणते आणि हळूहळू ढिली होते. पीळ दिलेली गप्प बसते.

आत ठेवताना दोन्ही चाकं काढावी लागतात आणि खरी चूक इथेच होते. डिस्क ब्रेकच्या सायकलचं चाक काढल्यावर चुकून ब्रेकचा लिव्हर दाबला गेला तर दोन्ही पॅड आत येऊन चिकटतात आणि मग चाक बसतच नाही. म्हणून पॅडच्या मधे प्लास्टिकचा तुकडा हवा. नवी सायकल येते तेव्हा तो मिळतो आणि नव्वद टक्के लोक फेकून देतात. जाड पुठ्ठ्याची दुमडलेली पट्टीही चालते. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या दोन टोकांमध्ये अडणी किंवा अ‍ॅक्सलच परत घालून ठेवायचा, म्हणजे वरून बॅग पडली तर फोर्क दबत नाही. सायकल नेहमी डाव्या कुशीवर झोपवायची, चेन आणि गिअर बदलणारा डिरेलर वरच्या बाजूला. डिरेलर ज्या छोट्या तुकड्यावर टांगलेला असतो तो हँगर मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो, धक्का बसला की फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. वाकला की गिअर उड्या मारायला लागतात, आणि सगळ्यात मोठ्या गिअरवर टाकल्यावर डिरेलर थेट चाकाच्या आऱ्यांत जाऊ शकतो. हा तुकडा बहुतेक मॉडेलचा वेगळा. स्वतःच्या सायकलचा एक जादा हँगर आधीच मागवून ठेवावा. मनालीपलीकडच्या केलाँगच्या बाजारात तो शोधू नये.

रस्त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण रस्ता चांगला आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ नागपुरातूनच जातो, तोच धरून सिवनी, लखनादौन, सागर, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा. मानसर-खवासा पट्ट्यात पेंचचं जंगल लागतं. जनावरांना खालून जाता यावं म्हणून महाराष्ट्राच्या हद्दीत रस्ता नऊ ठिकाणी उचलला आहे, तिथे बाजूला आवाजरोधक भिंती दिसतात. पहाटे निघाल्यास झाशीला मुक्काम होतो, ओढाताण नको असेल तर सागरला. हॉटेलात खोली तळमजल्यावर मागावी आणि सायकली खोलीत घ्याव्यात. आग्र्यापासून यमुना एक्सप्रेसवे, १६५ किलोमीटरचा, काँक्रीटचा. त्यावर टायर फुटून अपघात होतात हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. कारण साधं आहे: कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त दबला की जास्त तापतो, आणि भरधाव वेगात तास-दीड तास न थांबता तापत राहतो. हवा तपासायची ती सकाळी, गाडी थंड असताना. शंभर किलोमीटर पळून आलेल्या टायरचा आकडा तीन-चार पीएसआयने जास्तच दिसणार. तो बघून हवा काढणं म्हणजे आजार ओढवून घेणं. सर्किट या एक्सप्रेसवेला लागूनच आहे.

आता शर्यत. बुद्ध सर्किटची एक फेरी ५.१२५ किलोमीटरची, वळणं १६. पहिल्यांदा जाणारे मुख्य स्टँडचं महाग तिकीट काढतात आणि पिटसमोर बसून गाड्या सर्रकन जाताना बघतात. तासाला ३०० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला ८३ मीटर कापते. समोरून गेली हे कळेपर्यंत ती गेलेली असते. मुख्य स्टँडचा फायदा सुरुवात आणि शेवट बघण्यापुरता. ज्याला शर्यत कळून घ्यायची आहे त्याने ब्रेक लागतात तिथे बसावं. तिसऱ्या वळणाकडे ट्रॅक चढतो, मग किलोमीटरभराचा सरळ पट्टा, आणि त्याच्या शेवटी चौथं वळण. फॉर्म्युला वनच्या गाड्या इथे तीनशेच्या पुढून थेट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरपर्यंत उतरत. ओव्हरटेकिंग इथेच होतं, चुका इथेच होतात, आणि ड्रायव्हरची जात इथेच कळते.

बघायचं काय तर वळणाआधीच्या अंतराच्या पाट्या. प्रत्येक गाडीचा ब्रेक कुठल्या पाटीजवळ लागतो ते पाच-सहा फेऱ्या बघा. पुढचा माणूस दहा मीटर आधी ब्रेक मारायला लागला की समजावं, त्याचे टायर संपत आलेत किंवा ब्रेक तापलेत. मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या, एखादा खांब धरा आणि दोन गाड्यांमधलं अंतर दर फेरीला मोजा. दोन सेकंदांचं अंतर फेरीमागे दोन दशांशांनी कमी होत असेल तर दहा फेऱ्यांत गाठ पडणार, हे मोठ्या पडद्यावर दिसायच्या आधी तुम्हाला ठाऊक असतं. जोडप्याने हे काम वाटून घ्यावं, एकाने घड्याळ, दुसऱ्याने पाट्या. दुपार कशी जाते कळत नाही, आणि शर्यतीत रस नसलेला जोडीदारही तिसऱ्या फेरीपर्यंत भांडायला लागतो की तुझं घड्याळ चुकलं.

शुक्रवार वाया घालवू नये. सरावाच्या दिवशी गर्दी कमी असते, आणि तिकिटात मुभा असेल तर दोन-तीन वळणं फिरून बघता येतात. कानात फोमचे बोळे हवेतच. स्टँडचा पत्रा आवाज परत अंगावर टाकतो. पाण्याच्या बाटल्या, पॉवर बँक, छत्री आत नेता येते की नाही हे दर वेळी वेगळं असतं, म्हणून तिकिटामागचे नियम वाचावेत. सायकली पार्किंगमध्ये गाडीत ठेवून जाऊ नये, खोलीत बंद असू द्याव्यात.

उकाड्याला मात्र हसू नका. नागपूरच्या मे महिन्यातून गेलेला माणूस नोएडाच्या सप्टेंबरला किंमत देत नाही, पण तिथला उकाडा दमट असतो, घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही. २०२३ च्या मोटोजीपीत याच उकाड्यामुळे मुख्य शर्यत २४ ऐवजी २१ फेऱ्यांची केली. दुसरा आलेला होर्खे मार्टिन शर्यत संपल्यावर पार ढेपाळला होता, अंगातलं पाणी संपलेलं. तुम्ही नुसते बसलेले असता हे खरं, पण तीन दिवस उन्हात बसून, बाहेरचं खाऊन, पाणी कमी पिऊन निघालात तर तोच थकवा घेऊन मनालीत पोहोचता, आणि उंचीवर शरीर जे मागतं त्यात पाणी पहिलं. ओआरएसची पाकिटं म्हणूनच दौऱ्याच्या पहिल्या दिवसापासून हाताशी हवीत, एक पाकीट एका लिटरला, अंदाजपंचे नाही. आणि रोज सकाळी स्टँडकडे निघण्याआधी पाऊण तास सायकल चालवावी. ग्रेटर नोएडाचे रुंद रस्ते सहाच्या आत रिकामे असतात.

सोमवारी उठून पुढे निघायचं. ईस्टर्न पेरिफेरल एक्सप्रेसवेने कुंडलीपर्यंत, तिथे पुन्हा आपला ४४ नंबर, अंबाल्याच्या पुढे तो सोडून किरतपूर, मंडी, मनाली. एका दिवसात उरकू नये, मंडीच्या अलीकडे मुक्काम करावा.

मनाली २,०५० मीटरवर. इथे दोन रात्री राहावं, आणि गाडी कोण चालवणार हा प्रश्न इथून पुढचा.

मार्ग तीन. पहिला, मनालीत ड्रायव्हर ठरवायचा. तो गाडी घेऊन मागून येतो, तुम्ही दोघं लेहपर्यंत सायकलवर. आरामाचा आणि खर्चाचा. शिवाय आपली गाडी परक्या हातात, दिवसभर सायकलच्या वेगाने पहिल्या गिअरमध्ये रांगवायची म्हणजे क्लचचे हाल. नीट पद्धत ही की ड्रायव्हरने पंधरा-वीस किलोमीटर पुढे जाऊन थांबावं, पण ते त्याला रोज सांगावं लागतं. दुसरा मार्ग हौशी लोकांना आवडतो. एकाने गाडी वीस किलोमीटर पुढे न्यायची, लावायची, सायकल उतरवून पेडल मारत निघायचं. मागचा सायकलवर गाडीपर्यंत येतो, सायकल आत टाकतो, गाडी घेऊन पहिल्याला ओलांडतो आणि पुढे वीस किलोमीटरवर लावून पुन्हा सायकलवर. दोन्ही किल्ल्या लागतात, दोघांच्या खिशात एकेक. कागदावर छान दिसतं. पण प्रत्येक अदलाबदलीत चाकं काढणं-बसवणं आलं, अर्धा दिवस दोघं एकमेकांच्या नजरेआड, मोबाइलला रेंज नाही, आणि त्यातच एकाचं डोकं दुखायला लागलं तर दुसऱ्याला पत्ताच नाही. केलाँगपर्यंत चालेल, त्यापुढच्या दारचा गावाच्या वर मुळीच नको.

तिसरा मार्ग आम्हाला पटतो: गाडी एका जागी लावून ठेवायची आणि दोघांनी मिळून तिथून जाऊन-येऊन सायकल चालवायची. लेहपर्यंत सायकलने गेलो असं मग सांगता येत नाही, तेवढा अभिमान सोडायचा. त्या बदल्यात जे मिळतं ते मोठं आहे. चढायचं उंच आणि झोपायचं खाली, ही विरळ हवेची सवय लावायची सगळ्यात सुरक्षित रीत या बेतात आपोआप बसते. मनाली-लेह सरळ करणाऱ्यांचा कच्चा दुवा नेमका हाच असतो: जिस्पा ३,२०० मीटरवर, पुढचा नेहमीचा मुक्काम सरचू जवळपास ४,३०० वर, म्हणजे एका रात्रीत हजार मीटरची उडी. डॉक्टरी शिफारस अशी आहे की ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. जिस्पात तळ ठोकला की हा नियम मोडायचा प्रसंगच येत नाही.

मनालीहून अटल बोगद्याने गाडीतच पलीकडे जावं. बोगदा ९.०२ किलोमीटरचा, ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेला, त्याची तोंडं साधारण ३,०६० ते ३,०७० मीटरवर. तांदीला चंद्रा आणि भागा मिळतात, तिथल्या पंपावर टाकी भरून घ्यायची, मग भागेच्या काठाने केलाँग आणि जिस्पा. पहिल्या दिवशी काही करायचं नाही. गावात फिरणं, पाणी पिणं, लवकर झोपणं. दुसऱ्या दिवशी दारचा आणि जमलं तर पुढे पत्सेओ, ३,८०० मीटरच्या आसपास, आणि परत. तिसरा दिवस विसाव्याचा, तो कापायचा नाही. चौथ्या दिवशी बारालाचा: जिस्पाहून जेमतेम ५० किलोमीटर, चढ १,७०० मीटरच्या जवळ, माथा ४,८९० मीटर.

त्या चढाचा हिशोब आधीच मांडता येतो. माणूस ७५ किलो, सायकल आणि सामान १७ किलो. पाच टक्क्यांच्या चढावर ताशी साडेसात किलोमीटरने जायला ११० वॉटच्या आसपास ताकद लागते. नागपुरात तासभर २०० वॉट मारणाऱ्याला हे हसण्यावारी वाटेल. पण ४,५०० मीटरच्या वर, थोडी सवय झाली तरी, त्याच्या दोनशेतले १३०-१४० उरतात, आणि तेही दमून दमून. म्हणून तिथे फिटनेसपेक्षा गिअर जास्त कामाचा. पुढे ३४ दाती, मागे ३४ दाती असलं की मिनिटाला ६० पेडलांत बरोबर साडेसातचा वेग पडतो. रस्त्यावरच्या रेसिंग सायकलला मागे २८ दाती असतात. त्यात चढाला पेडल अडकतं, माणूस उभा राहून रेटतो, आणि उभं राहिलं की श्वास फुटतो. कॅसेट, म्हणजे मागच्या दात्यांचा संच, नागपुरातच बदलून घ्या, चेनची लांबीही तेव्हाच तपासा. सराव चिखलदऱ्यावर: परतवाड्याहून तीसेक किलोमीटर, सातशे मीटरच्या आसपास चढ. बारालाचा म्हणजे असे सव्वादोन-अडीच चिखलदरे एकावर एक, निम्म्याच्या जरा वरच्या हवेत. पाय तिथे तयार होतील, फुप्फुसांची सोय चिखलदऱ्यात नाही.

सहाच्या आत निघावं. वाटेतल्या झिंगझिंगबारच्या अलीकडे-पलीकडे वरून वितळलेल्या बर्फाचं पाणी रस्त्यावर येतं. सकाळी घोट्याइतकं असतं, दुपारी उन्हाने वाढतं. परतीची वेळ घड्याळात ठरवून टाकायची, एक म्हणजे एक. माथा दोन किलोमीटरवर दिसत असला तरी एकला वळायचं. दोघांच्या वेगात फरक असणारच. पुढच्याने माथ्यावर जाऊन वाट बघत बसू नये, घामाने भिजलेला माणूस तिथल्या वाऱ्यात पाच मिनिटांत गारठतो. दर अर्ध्या तासाला थांबून मागच्याला येऊ द्यावं.

डोंगर लागला की नाही हे ओळखायला जोडीदारासारखं यंत्र नाही. आजाराची सुरुवात डोकेदुखीने होते, मग मळमळ, भूक मरणं, गप्प होणं, चिडचिड. आता नवरा-बायकोत चिडचिड उंचीमुळे की वीस वर्षांच्या संसारामुळे हे ठरवायला एक सोपी परीक्षा आहे: रस्त्यावर सरळ रेषेत, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत दहा पावलं चालून दाखवायचं. तोल गेला तर तो मेंदूवरच्या सुजेचा इशारा. बसल्या जागी दम लागणं आणि खोकला हा फुप्फुसात पाणी साचल्याचा. दोन्हींत उपाय एकच, ताबडतोब खाली, रात्र झाली असली तरी. गाडी तळावर तयार असण्याचा फायदा इथे समजतो. प्रतिबंधासाठी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी, बहुतेकांना १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, देतात. पण ती नागपुरातल्या डॉक्टरला विचारूनच, सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर विशेष करून. आणि दोघांत एक बोली आधीच करून ठेवावी: जो पहिल्यांदा 'परत' म्हणेल त्याचं ऐकायचं, कारण विचारायचं नाही.

खाणं घरचं बरं. दर तासाला ४० ते ६० ग्रॅम पिष्ट-साखर पोटात जायला हवी. पन्नास ग्रॅम गुळात जवळजवळ तेवढी असते. गूळ-दाण्याचे लाडू, संत्रा बर्फी, तिखट नसलेला चिवडा. सावजीची तर्री नागपुरात परतल्यावर. वर ढाब्यात मॅगी मिळते, पण भात-डाळ कुकरशिवाय शिजत नाही. जवळपास ४,९०० मीटरवर पाणी ८४ अंशांच्या आसपासच उकळतं. चहा उकळताना दिसतो आणि तरी उतरत नाही. उन्हाचंही तसंच. अतिनील किरणं दर हजार मीटरला दहा-बारा टक्क्यांनी वाढतात, हवा मात्र गार, त्यामुळे चटका कळत नाही. नागपूरकर फसतो तो इथेच.

टायरच्या हवेबद्दल एक गैरसमज सगळीकडे ऐकू येतो, की वर गेल्यावर टायर फुगून फुटतो, म्हणून हवा काढा. आकडे मांडून बघा. नागपुरात ३५ अंशांत कारच्या टायरमध्ये ३३ पीएसआय भरली. बाहेरच्या हवेचे १४.२ धरले तर आत एकूण ४७.२. पाच हजार मीटरवर बाहेरचा दाब ७.८ वर येतो, म्हणजे मीटर साडेसहाने वाढला पाहिजे. पण तिथे सकाळी ५ अंश. थंडीने आतला दाब ४२.६ पर्यंत उतरतो. वजा ७.८, राहिले ३४.८. तीस अंशांचा गारवा आणि विरळ हवा एकमेकांना जवळपास फेडून टाकतात. कारला हात लावायची गरज नाही. सायकलची गोष्ट वेगळी: पंक्चर झालंच तर हातपंपाच्या एका दाबात तिथे निम्म्याच्या जरा वरच हवा जाते, खाली दीडशे दाबांत भरणारा टायर अडीचशे-पावणेतीनशे मागतो, तेही धापा टाकत. म्हणून ट्यूबलेस, आत भोक बुजवणारं ताजं सीलंट, प्लगचा संच, आणि प्रत्येकाकडे स्वतःचा पंप व ट्यूब. बाकी हत्यारं वाटून घेतली तरी चालतात. हायड्रॉलिक ब्रेकच्या तेलात हवेचा बुडबुडा असेल तर तो वर जाऊन फुगतो आणि लिव्हर स्पंजासारखा होतो. निघण्याआधी ब्लीडिंग, म्हणजे तेलातली हवा काढणं, करून घ्यावं.

उतार हा या दौऱ्याचा सगळ्यात धोक्याचा तास, आणि शर्यतीच्या स्टँडवर बसून जे पाहिलं ते इथे कामी येतं. विरळ हवा अडवत कमी. ज्या उतारावर चिखलदऱ्यात सायकल ५० च्या वेगावर स्थिर होते, तशाच उतारावर इथे ती ६० च्या पुढे जाते. तीच हवा ब्रेकला थंडही कमी करते. सोळा-सतराशे मीटर खाली येताना दीडेक हजार किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. हवेने कमी घेतली तर डिस्क जास्त घेते. घाबरलेला माणूस दोन्ही ब्रेक हलके दाबून ठेवतो आणि नेमकं तेच चुकतं. सतत घासणारा पॅड तापतो, रेझिनचा असेल तर त्यावर काचेसारखी चकाकी चढते, आवाज येतो आणि पकड जाते. चौथ्या वळणावर रायडर काय करत होते? सरळ पट्ट्यात ब्रेक पूर्ण मोकळा, मग पाटीपाशी एकदम जोरात, वळणात शिरताना हळूहळू सोडलेला. वेग सोडला तर रीत तीच: सरळ रस्त्यावर सोडा, वळणाआधी सायकल उभी असतानाच जोरात मारा, पुन्हा सोडा, म्हणजे डिस्कला मधे श्वास मिळतो. पॅड धातूचे, सिंटर्ड, घ्यावेत. आवाज करतात, पण उष्णतेला टिकतात. जाड हातमोजे नसतील तर बोटं बधिर होतात आणि लिव्हर किती दाबला हेच कळेनासं होतं, म्हणून माथ्यावरच जॅकेट आणि मोजे चढवायचे, गारठल्यावर नाही.

जिस्पाला परतल्यावर त्याच संध्याकाळी चाकं काढून पॅड बघावेत. बारालाचाच्या एका उतारात, त्यातही रस्त्यावरची धूळ-चिखल लागला असेल तर, नवा पॅड अर्ध्यावर आलेला दिसू शकतो. धातूच्या पाठीवर मिलिमीटरभरही माल उरला नसेल तर लगेच बदलावा, कारण दुसऱ्या दिवशी जोडीदार म्हणणार आहे की खिंडीखालच्या सूरजताल तळ्यापर्यंत परत एकदा जाऊ.